शिलारसाची वाट

शंखबेटावर चूल पेटवण्याआधी लोक धक्क्यावरचा फलक पाहत. काल त्यावर ‘शिलारस : नऊ किलोमीटर खोल’ असं होतं. आज ‘तीन’.

निरीक्षण केंद्रात मंदाकिनी कुवळेकर हातातला चहा तसाच ठेवून पडद्यासमोर उभी राहिली. अंदमानच्या समुद्रात भारताचा भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकतो आणि पाणी मुरलेले खडक सोबत नेतो. खोलवर ते पाणी सुटतं, वरच्या तापलेल्या खडकात शिरतं आणि एरवी घट्ट राहिला असता तो खडक वितळतो. हा शिलारस वर येताना कुठली भेग धरील, हे आता माणसाला ठरवता येत होतं. डोंगराच्या पोटात सोडलेल्या नळ्यांतून थंड पाणी दाबलं की त्या बाजूच्या भेगा थिजत आणि रस दुसरीकडे वळे. सात वर्षं मंदाकिनीनं तो उत्तरेच्या ओसाड कड्याकडेच वळवला होता. मागच्या उद्रेकात उत्तरेची भेग कायमची बुजली.

“पूर्वेला येतोय,” ती फोनवर म्हणाली. पूर्वेला नवंकोरं हॉटेल होतं, महिन्याभरात उघडणारं. आत वीस-बावीस कामगार.

“पश्चिमेला वळवा,” मुख्यालयातून बिडवई म्हणाले.

“सर, तिथं साठ घरं आहेत.”

“माणसं हलवू की. घरं नवी बांधून देऊ.”

“हलवणार कशात? होड्या सगळ्या खोल समुद्रात गेल्यात. गावात म्हातारी माणसं नि पोरंच आहेत.”

“हा आदेश आहे, कुवळेकर. नाहीतर इथून पंप आम्ही चालू करू.”

दारात नॉ पेला उभी होती. पश्चिमेच्या वस्तीतली, पूर्वी ब्रह्मदेशातून आलेल्या कॅरेन लोकांपैकी ही बाई केंद्रात स्वयंपाक करी. “ताई, माझी आई चालू शकत नाही,” एवढंच ती म्हणाली.

मंदाकिनीनं ध्वनिक्षेपक सुरू केला आणि हॉटेलच्या कामगारांना त्यांची लहानशी लाँच घेऊन ताबडतोब निघायला सांगितलं. मग ती आणि पेला पंपघराकडे धावल्या. पूर्वेच्या नळ्यांचा व्हॉल्व्ह गंजला होता. दोघींनी चाकाला लोंबकळून तो फिरवला. पेलाची बोटं सोलवटली, पण व्हॉल्व्ह पुरता बंद झाला. आता मुख्यालयानं कितीही पंप चालवले तरी पूर्वेला थेंब जाणार नव्हता.

दुपारी पूर्वेचा उतार फाटला. हॉटेल तासाभरात गेलं. कामगार लाँचवरून पाहत होते. पश्चिमेच्या छपरांवर फक्त राख पडली.

तीन महिन्यांनी चौकशी समितीनं मंदाकिनीला बोलावलं. निलंबनाचा कागद टेबलावर तयार होता.

“आदेश मोडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?” अध्यक्षांनी विचारलं.

समोरची खुर्ची सरकवून ती उभीच राहिली. “माझं काय करायचं ते करा. पण आणखी अकरा बेटांवर तुम्ही या नळ्या बसवताय. तिथला शिलारस कोणाच्या दारात सोडायचा हे ठरवताना, त्या दारातल्या माणसाला आधी विचारणार आहात का?”