दुसरा ठोका

त्या सुट्टीच्या दुपारी काम अगदी साधे होते. प्रयोगशाळेतील केबलचा एक नमुना काढायचा, त्या जागी दुसरा बसवायचा आणि तो यंत्राला जोडायचा. माझा पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे मी घरी, पलंगावर, मांडीवर संगणक घेऊन बसले होते. प्रयोगशाळेत होती माझी वरिष्ठ सहसंशोधक, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो.

यंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तळघरातील त्या खोलीत एक स्विचपेटी आहे. तिला कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात बारीक विद्युत-खटक्यांची एक पट्टी बसवलेली आहे. मी घरून संगणकावर ‘जोड’ अशी आज्ञा धाडली, की पेटीत ‘टक्’ असा आवाज होतो आणि ठरलेल्या नमुन्यावर काही हजार व्होल्टचा दाब जातो. ‘सोड’ म्हटले की तो सुटतो. कोणता खटका जोडलेला आहे असे विचारले, तर पेटी क्रमांकाने उत्तर देते. त्यातील पहिला अंक कप्प्याचा. आज्ञा पाळण्यात ती चोख आहे. मात्र तिला डोळे नाहीत. समोर केबल आहे की माणसाचा हात, हे तिला कळत नाही.

म्हणून आमच्याकडे ठोक्याची पद्धत होती. आत काम करणाऱ्याने हात बाहेर काढले, की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पेटीच्या पत्र्यावर एक ठोका द्यायचा. तो फोनवर ऐकल्याशिवाय ‘जोड’ म्हणायचे नाही. ही पद्धत आली काकांमुळे. काका इथले जुने तंत्रज्ञ. आमच्यापैकी कोणी त्यांना पाहिलेले नाही. तिसऱ्या कप्प्यात त्यांचे हात असताना वरच्या मजल्यावरून कोणीतरी ‘जोड’ म्हटले होते. त्यानंतर त्या कप्प्यातील पट्टी काढून टाकण्यात आली आणि त्याच्या तोंडावर कोरा पत्रा बसवला गेला.

त्या दुपारी प्रथमच ठोका ऐकण्याचे काम संगणकाकडे होते. कल्पना ताईची. “कानात प्राण आणून बसतेस, त्यापेक्षा यंत्रालाच ऐकू दे की. त्याला ना डुलकी लागते, ना आईची हाक येते.” मी तसा प्रोग्रॅम लिहिला. पेटीजवळच्या मायक्रोफोनने ठोका टिपायचा, क्षणभर थांबायचे आणि ‘जोड’ आपोआप धाडायचे. दार आपटले, कोणी खोकले, खुर्ची सरकली, तरी तो फसत नव्हता. मी पुन्हा पुन्हा तपासले होते.

“पोचले गं,” ताईचा आवाज फोनवर आला. “चिटपाखरू नाही इथे. सुट्टीच्या दिवशी या तळघरात एक तर संशोधक येतील, नाही तर चोर.”

“चोर निदान लवकर घरी जातात, ताई.”

ती हसली. झाकण उघडल्याची करकर ऐकू आली. मग पंख्याची घरघर, तिचा श्वास आणि धातूवर धातू घासल्याचा बारीक आवाज.

“पक्कं बसलंय मेलं,” ती म्हणाली. तिचे शब्द जरा बोबडे येत होते. मी लक्ष दिले नाही.

ठोका पडला.

एकच. हलका, सावकाश, जणू देणाऱ्याला कसलीही घाई नव्हती. माझ्या पडद्यावर ओळ उमटली: ‘ठोका ऐकला. जोडत आहे.’

“इतक्यात झालं?” मी विचारले.

“कुठलं झालं? दोन्ही हात आतच...”

“हात काढ! ताई, हात काढ!”

टक्.

त्यानंतर काहीच ऐकू येईना. पंखासुद्धा. स्वयंपाकघरातून आईने विचारले, “काय गं, काय झालं?”

“किंचाळतेस काय?” फोनवर ताई. “काळजाचं पाणी झालं ना माझ्या!”

“हात... हात बाहेर आहेत?”

“आता आहेत.”

“ठोका दिलास तू?”

“कशाने देऊ? स्क्रूड्रायव्हर दातांत धरला होता.”

मी पेटीला विचारले: काय जोडलेले आहे? मी जोडायला सांगितला होता तो खटका पहिल्या कप्प्यातला, जिथे ताईचे हात होते. उत्तर आले: तीनशे चार.

तिसरा कप्पा. ज्यात काहीच नाही.

मी ‘सोड’ धाडले. पुन्हा विचारले. तीनशे चार. पुन्हा ‘सोड’. तीनशे चार. रिकाम्या कप्प्यातून प्रवाह वाहणे शक्य नाही; पडद्यावरच्या प्रवाहाच्या आलेखाची रेघ सपाट असायला हवी. ती सपाट नव्हती. ती संथपणे वर जात होती आणि संथपणे खाली येत होती. झोपलेल्या माणसाची छाती जशी...

“ताई, त्या कोऱ्या पत्र्याला हात लावू नकोस.”

“नाही लावत.” तिचा आवाज अगदी खाली आला होता. “पण तो तापलाय गं. इथून धग लागतेय. आणि वास येतोय... केस जळल्यासारखा.”

“लाल बटण दाब. मुख्य पुरवठा तोड. आणि बाहेर पड.”

तिने बटण दाबले. आलेखाची रेघ कोसळली. आणि पेटीत, पुरवठा नसलेल्या त्या पेटीत, एक खटका सावकाश सुटला. टक्.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी स्वतः तो पत्रा उघडला. आत रिकामी जागा आणि धूळ होती. धुळीवर साधी रेघसुद्धा उमटलेली नव्हती. “मोजमापात काहीतरी गफलत असेल,” सर म्हणाले. मात्र पत्रा परत बसवताना त्यांनी हातमोजे चढवले, आणि माझा प्रोग्रॅम तिथल्या तिथे पुसायला लावला. तेव्हापासून ठोका मीच ऐकते.

आणि तेव्हापासून ठोके दोन येतात. एक ताईचा, खणखणीत. आणि थोड्या वेळाने दुसरा, हलका, सावकाश. पहिले काही दिवस आम्ही दोघींनी त्याचे नावही काढले नाही. मग एकदा ताईच कुजबुजली, “त्यांनाही सांगायचं असेल, की हात बाहेर आलेत म्हणून. तेव्हा कुणी थांबलं नाही ना त्यांच्यासाठी.” त्यानंतर दुसरा ठोका आल्याशिवाय मी ‘जोड’ म्हणत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही.

आज दुपारी ताईने नमुना बसवला, झाकण लावले, ठोका दिला. प्लास्टर निघाल्यामुळे आता मीही इथेच, तळघराच्या वरच्या खोलीत, फोन कानाशी धरून थांबले. पंखा घरघरत राहिला.

“जोड ना,” बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

“दुसरा आला नाही, ताई.”

मी कळफलकावरून बोटे उचलली.

“तुझे हात कुठे आहेत?”

“माझ्याजवळच. पदराला घट्ट धरून उभी आहे मी.”

“झाकण नीट लागलंय?”

तिने झाकण दाबल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा, जोर लावून.

“मघाशी लागलं होतं गं,” ती म्हणाली. “आता पुरतं बसत नाहीये... मध्ये काहीतरी येतंय.”