डॉलरची रात्रपाळी

फाटकाशी रिक्षा थांबली आणि हॉर्न वाजतच राहिला, तेव्हा मुक्ताई कुत्र्यांच्या भाताच्या पातेल्यात डाव फिरवत होती. डाव हातात घेऊनच ती बाहेर आली.

"ताई, दोघंही झोपलेत," रिक्षावाला वैतागून म्हणाला. "कुठला ठेवायचा तेवढं सांगा, उरलेला परत नेतो."

मागच्या सीटवर एक तरुण दांड्याला डोकं टेकून गाढ झोपला होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, अंगात कंपनीचंच निळं जर्किन. त्याच्या मांडीवर मान टाकून एक पिवळसर कुत्रा तितक्याच मन लावून झोपलेला. थंडीतली सकाळ, विश्रांतवाडीच्या चौकातून येणारा गाड्यांचा गलका, वरून लोहगावच्या धावपट्टीकडे उतरणारं विमान... दोघांचाही कान हलला नाही.

"अहो..." मुक्ताईनं डावानंच दांडी ठोकली.

तरुण दचकून उठला. तोंडातून आधी इंग्रजी नमस्कार बाहेर पडला, आपलं नाव स्टीव्ह असल्याचंही त्यानं सांगून टाकलं. मग डोळे नीट उघडले आणि तो लाजला.

"सॉरी. ते... सवयीनं. मी उत्तरेश्वर. हा डॉलर."

"यातला सोडायचाय कोण?"

तो पहिल्यांदा हसला. हसताना त्याचे झोपाळू डोळे अगदी मिटूनच जात. मुक्ताईनं ते पाहिलं आणि पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडली.

हा निवारा म्हणजे तिच्या घरचा जुना गोठा. गाव शहरात गेलं, शेतावर इमारती उभ्या राहिल्या, बैल गेले. वडिलांनी, हिंदुरावांनी, गोठा आणि पुढचा जमिनीचा तुकडा तेवढा विकला नाही. तिथं मुक्ताईनं लोकांनी सोडलेली कुत्री सांभाळायला घेतली. कंपन्या वाढल्या तशी कुत्रीही वाढली. सोडण्याची कारणं तिला पाठ होती. पिल्लू मोठं झालं. बाळ झालं. घरमालक नको म्हणतो. अॅलर्जी आहे. पुण्यात एवढ्या लोकांना अॅलर्जी असती, तर दवाखान्यांपुढे रांगा लागल्या असत्या. आणि ऑनसाइट. परदेशी चाललेले निदान खरं कारण सांगत. पण निघताना सगळे एकच वाक्य बोलत – रविवारी येईन हं भेटायला.

मग कितीतरी रविवार कुत्री फाटकाकडे बघत बसत. आणि मुक्ताईही.

"कारण?" तिनं विचारलं.

"भुंकतो."

"कुत्रा आहे. मनाचे श्लोक कसे म्हणेल?"

"रात्रभर भुंकतो हो. सोसायटीनं सांगितलंय, एक तर हा राहील नाही तर मी." तो अडखळला. "खरं तर हा योगेशचा, माझ्या रूममेटचा. पहिल्या बोनसमधून शुद्ध लॅब्रॅडॉर म्हणून आणलेला."

मुक्ताईनं डॉलरच्या ताठ उभ्या, गावठी कानांकडे पाहिलं. "लॅब्रॅडॉर. बरं. आणि योगेश कुठाय?"

"डॅलसला. सहा महिन्यांसाठी गेला होता. आता तिकडंच लग्न जमलंय."

"डॉलर इथं ठेवून डॉलर कमवायला गेला म्हणा की!"

त्याला हसू आलं, पण कुत्र्याच्या मानेवरचा हात काही निघेना.

"अंगातलं जर्किन ठेवून जा," ती म्हणाली. "धुतलेलं चालत नाही. तुमचा वास असला की तो जेवतो तरी."

"किती दिवस ठेवता?"

"आमच्याकडे अमावास्येला बैल जुंपत नसत, त्या दिवशी गोठा धुवायचा. आता बैल नाहीत, धुणं आहे. ज्यांचं माणूस तोवर फिरकेनासं झालं, त्यांचे कपडेही त्याच दिवशी धुऊन टाकते. उगाच आशेवर कशाला ठेवायचं?"

"कुणाला? कुत्र्याला?"

मुक्ताईनं जर्किनसाठी हात पुढे केला. जर्किन काढून देताना तो थंडीनं शहारला आणि म्हणाला, "मी येईन. रविवारी..."

"हो. सगळे येतात," ती म्हणाली.

दोन दिवसांनी हिंदुराव चहा पिताना म्हणाले, "मुक्ते, त्ये नवं कुत्रं रातभर जागतंय. येरझारा घालतंय. गाडी थांबल्याचा आवाज आला की भुकतंय. आन् दिस उगवला की मेल्यावानी पडतंय. आजारी हाय का?"

मुक्ताई डॉलरकडे बघत राहिली. लख्ख उन्हात, चाळीस कुत्र्यांच्या कोलाहलात, निळ्या जर्किनवर तो घोरत होता. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं लगेच फोन लावला.

"तुमचा कुत्रा वेडा नाहीये," पलीकडचं जांभईभरलं हॅलो मधेच तोडत ती म्हणाली. "तुम्ही त्याला फिरवायचात कधी?"

"योगेश मध्यरात्री ड्यूटीवरून यायचा. तेव्हा फिरवायचा, जेवू घालायचा. दोघं पहाटेपर्यंत खेळायचे. मग मी यायचो. दिवसभर पडदे ओढून आम्ही तिघं झोपायचो."

"म्हणजे तुम्ही कुत्रा वाढवलात तो अमेरिकेच्या वेळेवर! आता योगेश नाही, तुम्ही कामावर. एकटा जागा राहून तो करणार काय? भुंकणारच. त्याला दिवसपाळीवर आणायला हवं. इथं कुणाच्या हाकेला तो दिवसा डोळे उघडत नाही. तुम्हीच या. सकाळी, ड्यूटी सुटल्यावर."

"मी? सकाळी मला उभं राहवत नाही हो!"

"तुम्हालाही हवाच आहे उपचार," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तो आला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी... येतच राहिला. कंपनीची गाडी त्याला फाटकाशी सोडी. मग तिघं धानोरीच्या टेकडीकडे निघत. डॉलर चालता चालता बसकण मारी, उत्तरेश्वर चालता चालता डुलक्या घेई. मुक्ताई एकाच्या गळ्यातला पट्टा ओढी आणि दुसऱ्याला बोलतं ठेवी.

"तुमचं नाव असं कसं हो?"

"देवाचं आहे. आमच्याकडे निलंग्याकडे चालतं. इथं कुणाला जमत नाही, तिथं अमेरिकेत तर नाहीच. म्हणून स्टीव्ह."

"स्टीव्ह काय करतो रात्रभर?"

"लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करून देतो. एक म्हातारी तर रोज फोन करते. काही बिघडलेलं नसतं. बोलायला कुणी नसतं."

"मग?"

"मग मी बोलतो."

टेकडीवरच्या गवतावर दव असे. घसरणीवर तो हात पुढे करी आणि आपला हात पुढे झालाय हे जणू त्यालाच कळलेलं नसे. मुक्ताई तो धरी... आणि सपाटी आल्यावर किंचित उशिरा सोडी. डोक्यावरून विमान गेलं की दोघंही ते दिसेनासं होईपर्यंत वर बघत.

एका सकाळी डॉलर स्वतःच फाटकाशी उभा होता. जागा, शेपूट हलवत. उत्तरेश्वरनं त्याला कवेत घेतलं. मग मुक्ताईकडे न बघता म्हणाला, "मला पण ऑनसाइट मिळतंय. डॅलस. व्हिसाची मुलाखत आहे मुंबईला."

मुक्ताईनं चेहरा तसाच ठेवला. "अभिनंदन. किती दिवस?"

"वर्षभर म्हणतात."

"योगेश सहा महिने म्हणाला होता."

तो काहीतरी बोलणार होता. पण तिनं पट्टा घेतला आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तिला भातात मीठ घातलं की नाही ते आठवेना. फाटकाशी गाडी थांबली की तिचे पाय आपोआप तिकडं वळत. दूधवाला असे. नाही तर आणखी कुणीतरी, आणखी एक कुत्रा, आणखी एक अॅलर्जी. फोन करावा म्हणून हातात घेई आणि ठेवून देई. काय म्हणून करायचा? डॉलर दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसे. त्याला जागं राहायला शिकवलं ते आपणच, हे तिला आता छळू लागलं होतं. निजलेल्याला वाट तरी पाहावी लागत नाही.

त्यातच सदाशिव पेठेतले एक आप्पासाहेब आले. खडकवासल्याजवळ त्यांनी बंगला बांधला होता आणि राखणीला कुत्रा हवा होता.

"रात्री जागणारा हवा," त्यांनी बजावलं. "झोपायला घरात मुलगा आहे."

हिंदुराव उत्साहानं डॉलरकडे बोट दाखवणार, तोच मुक्ताई म्हणाली, "हा नको. रात्री एकदा झोपला की ढोल वाजवले तरी उठत नाही."

"मग कुत्रा कशाला म्हणायचं? गादी म्हणा," असं म्हणून आप्पासाहेब दुसरा कुत्रा घेऊन गेले.

डॉलर अजून निम्मी रात्र जागत होता. जगाची खोटी कारणं ऐकणाऱ्या मुक्ताईनं आज स्वतःच एक खोटं कारण दिलं होतं. हिंदुरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली. त्या पाहण्यानं ती जास्त अस्वस्थ झाली.

मार्गशीर्षातली अमावास्या आली. गोठा धुऊन झाला. ज्यांचं माणूस फिरकेनासं झालं होतं त्यांचे कपडे तिनं हौदाशी नेले. ओढण्या, टी-शर्ट, कुणाची शाल. एकेक घासून दोरीवर टाकला. शेवटी डॉलरच्या अंगाखालचं निळं जर्किन ओढून आणलं, बादलीवर धरलं... आणि ती तशीच उभी राहिली. नियम तिचाच होता. मोडायचा तर तिनंच.

ऊन चढलं तेव्हा फाटक वाजलं. डॉलर असा धावला की पाण्याची बादली कलंडली.

उत्तरेश्वर उभा होता. अंघोळ केलेला, केस विंचरलेले, एका हातात मोठा डबा. आणि डोळे – मुक्ताईनं ते प्रथमच पूर्ण उघडलेले पाहिले.

"आज आमच्याकडे येळवस," तो म्हणाला. "येळ अमावास्या. सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. मिश्र भाज्यांची भज्जी, आंबील... गावाकडून पाव्हण्याच्या हाती डबा आलाय. पुण्यात शेत कुठून आणू? म्हटलं, तुमच्याकडे तेवढा तुकडा उरलाय."

"डॅलसला शेतं नाहीत?" कलंडलेली बादली उभी करत तिनं विचारलं.

"गेलो नाही. जाणारही नाही. व्हिसा मिळाला होता. मुंबईहून आलो, आणि सकाळी गजराशिवाय जाग आली. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा. उठलो, चपला घातल्या... डॉलरला फिरवायला." तो थांबला. "मग साहेबांना नाही म्हणालो. दिवसपाळीचं काम मागून घेतलं. पगार कमी, पण स्टीव्ह सुटला. रोज सकाळी सातला हिंजवडीची बस असते, म्हणून येता आलं नाही. आज सुटी काढली."

"फोन होता ना!"

"काम कालच पक्कं झालं. त्याआधी काय सांगू? 'रविवारी येईन' म्हणणाऱ्यांतला एक आणखी झालो असतो." त्यानं दोरीकडे पाहिलं. ओले कपडे वाऱ्यावर फडफडत होते. त्याचा आवाज पडला. "आज अमावास्या. माझं जर्किन... धुतलं असेल ना?"

मुक्ताई आत गेली. आली तेव्हा निळं जर्किन तिच्या हातात होतं – कोरडं, पिवळ्या केसांनी भरलेलं, कुबट वासाचं.

"साबण संपला होता," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"आँ? काल तर पेटीभर आनलाय की मी," ओसरीवरून हिंदुराव म्हणाले.

"आबा!"

जर्किन उत्तरेश्वरनं दोन्ही हातांनी घेतलं आणि वासाची पर्वा न करता छातीशी धरलं. मुक्ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तुकड्यावरच्या आंब्याखाली डॉलरसकट चौघं जेवले. हिंदुरावांनी आंबील दोनदा मागून घेतली आणि "पावनं, तुमच्या निलंग्याकडची मानसं बरी हायती," असं म्हणून ते लवंडले.

"डॉलर आज मिळणार नाही," मुक्ताई म्हणाली. "आधी तुमचं घर बघायला यावं लागतं. झोपायची जागा, पाण्याची सोय... आणि पोहे वगैरे करू नका. तपासणी आहे."

"केव्हा येता?"

"रविवारी येईन."

शब्द बाहेर पडले आणि तिचे तिलाच ऐकू आले.

"सगळे असंच म्हणतात," तो गंभीरपणे म्हणाला. डोळे मात्र हसत होते. "असं नाही चालायचं. तुमचं काहीतरी ठेवून जा. धुतलेलं नको."

मुक्ताईनं गाडीवर बांधायचा, धुळीनं मळलेला स्कार्फ गळ्यातून सोडवला आणि त्याच्या हातात दिला.

"अमावास्येपर्यंतच हं," ती म्हणाली.

"त्याच्या आत नाही आलात तर?"

"नाही कसली... येते ना रे!"

'रे' ऐकून डॉलरनं कान टवकारले. दुपार लख्ख झाली होती आणि तो टक्क जागा होता.