कंट्रोलचा शेवटचा शब्द

वॉकीटॉकी वाटपाच्या टेबलावर दोन हात एकाच सेटवर पडले. एक तिचा, एक त्याचा.

"मी आधी धरलाय," ती म्हणाली.

"धरलाय तुम्ही. उचललाय मी." असं म्हणून तो सेट खांद्याला अडकवून चालूही पडला. दोन पावलांवर जाऊन मात्र वळला. "त्या उरलेल्या सेटचं बटन अडकतं हं. सांभाळून ठेवा... नाहीतर बदलून घ्या, मला चालेल."

आता कुणी शहाणं माणूस असतं तर सेट बदलून घेतला असता. पण हिचा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि हट्ट त्याहून वर. "मला शिकवू नका," म्हणून तिने तो रबरबँड गुंडाळलेला सेट उचलला आणि तरातरा जिना उतरून गेली.

एका अंगणात दोन मोठ्या इमारती होत्या. एकीत देशोदेशीच्या क्रीडामंत्र्यांची परिषद, दुसरीत धावण्याच्या स्पर्धा. या दोन्हींच्या खाली, बिनखिडक्यांच्या एका खोलीत, भिंतभर पडद्यांसमोर ती बसायची. कुठली गाडी कुठल्या गेटने आत घ्यायची ते ती सांगणार आणि सगळे ऐकणार. चॅनलवर कुणाला नाव नसतं. ती कंट्रोल, तो चौथ्या गेटवर म्हणून चार नंबर, आणि पलीकडच्या फाटकावर जगाची खबर ठेवणारे सात नंबरवाले काका. आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, म्हणजे समोरच्याने बोलायचं, असा नियम. कंट्रोल 'ओव्हर' म्हणत नसे. शेवटचा शब्द दुसऱ्याला द्यायची तिला सवयच नव्हती.

"कंट्रोल, खुर्च्यांचा ट्रक आलाय. आत घेऊ? ओव्हर."

"खुर्च्या सकाळी यायच्या होत्या."

"तसं खुर्च्यांना सांगू का? ओव्हर."

"चार नंबर, चॅनलवर विनोद करायचे नाहीत."

"विनोद नव्हता, कंट्रोल. ट्रकवाल्याला तुमच्याशी बोलायची भीती वाटतेय. मला नाही वाटत. ओव्हर."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पडद्यावर तो दिसत होता, टोपी मागे सरकवलेली, कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. तिने मुद्दाम ट्रक थोडा वेळ ताटकळत ठेवला.

असे रोजचे खटके. तिला खरं तर अशा थिल्लरपणाला वेळच नव्हता. कित्येक वर्षं ती या ना त्या स्पर्धेत हंगामी काम करत होती. मांडव उतरला की घरी. या वेळी आयोजनाच्या प्रमुख मॅडमनी सांगितलं होतं, "बिनबोभाट पार पाड, पक्की नोकरी तुझी." मॅडमना सगळे मागून शिट्टी म्हणायचे, कारण त्या वाजल्या की जो तो जागीच थांबायचा. त्या उगाच शब्द देत नसत.

आणि शेवटच्या दिवशी, दुपारी, तिने टेबलावरच्या फोनवरून ताईला फोन लावला. रागाच्या भरात फाईल आपटली, ती नेमकी सेटवर.

"ताई, या चार नंबरवाल्याचं मी एक दिवस नरडं धरणार आहे. आज म्हणे कंट्रोल, तुम्ही जेवलात का, ओव्हर. अख्ख्या चॅनलवर. हा कोण माझ्या जेवणाची चौकशी करणारा?... नाही, जेवले नव्हते, तो मुद्दा नाही... अगं, त्याचा आवाज आला की डोकं फिरतं. आणि जरा वेळ आला नाही की जास्तच फिरतं. मग मीच काहीतरी खुसपट काढून त्याला हाक मारते. मला वेड लागलंय का? एकदा ही नोकरी पक्की होऊ दे, दुसरं काही नको मला..."

बोलता बोलता तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. चार नंबरवर मंत्र्यांच्या गाड्यांची रांग, आणि रांगेच्या मागे रिले धावणाऱ्या मुलींची बस अडकलेली. मुली खिडकीतून हात हलवतायत. तो सेट तोंडाशी धरून ओरडतोय. पण इथे आवाज नाही.

"बोलत का नाही हा?" असं म्हणत तिने फाईल उचलली. खाली सेटवरचा लाल दिवा जळत होता. बटन आत रुतून बसलेलं. तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला चॅनलवर बोलता येत नव्हतं, आणि तिचं बोलणं मात्र फाटकाफाटकावर ऐकू जात होतं.

गेटवरच्या लोकांचे मोबाईल सकाळीच जमा होत, तेव्हा कुणी तिला फोनही करू शकत नव्हतं. पडद्यावर त्याने टोपी काढून खिशात कोंबली, मंत्र्यांच्या गाड्यांना आडवा हात केला आणि बस आत सोडली.

मुली पोचल्या, धावल्या. पण उन्हात खोळंबलेल्या मंत्र्यांचा पारा चढला, आणि संध्याकाळी मॅडम खोलीत येऊन उभ्या राहिल्या. समोर तो.

"परवानगीशिवाय ताफा थांबवलास?"

"हो मॅडम."

"चॅनल का बंद होता?"

"माझ्यामुळे. बिघडलेला सेट मीच कंट्रोलच्या गळ्यात मारला. त्यांची काही चूक नाही."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. "खोटं बोलतोय हा. बटन अडकतं हे याने सांगितलं होतं, बदलून द्यायलाही तयार होता. मी नाही म्हटलं. वर फाईलही मीच आपटली." मग त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं माझी चूक आपल्या डोक्यावर घ्यायला? विचारलं होतंस मला?"

"नोकरी पक्की व्हायला हवी, असं तुम्हीच..." तो चाचरला. "म्हणजे... ऐकू आलं."

"म्हणून दया केलीस? दया नकोय मला तुझी."

"दया कोण करतंय?" तोही पहिल्यांदाच चिडला. "दयेने कुणाची झोप उडत नाही. माझी तीन दिवस झोप उडालीय."

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पक्की नोकरी या वेळी नाही," त्या तिला म्हणाल्या. "खरं बोललीस म्हणून पुढच्या स्पर्धेला बोलावीन. आणि तू, मुली वेळेवर पोचल्या म्हणून वाचलास. गेट बंद करून ये, जा."

तो गेला. जाताना आपला चांगला सेट तिच्या टेबलावर ठेवला आणि रबरबँडवाला घेऊन गेला.

ती एकटीच बसली. पक्की नोकरी हातची गेली होती, रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा राग येत होता. वर मैदानावरचे दिवे विझत होते. शेवटी तिने सेट उचलला.

"चार नंबर, कंट्रोल बोलतेय. मला तुझा भयंकर राग आलाय. सेट पळवलास त्याचा आला, खोटं बोललास त्याचा आला. आणि उद्यापासून भांडायला तू समोर नसशील, त्याचा सगळ्यात जास्त आलाय. मला तू आवडतोस. आता हसलास तर बघ." ती थांबली. "ओव्हर."

सेटमधून फाटकाची साखळी खळखळली, कुलूप लागलं, आणि धावणारी पावलं ऐकू येऊ लागली. धापा, एक ठेच, एक "आई गं". त्याचं बटन अडकलं होतं आणि वेड्याला पत्ता नव्हता.

आधी पावलं सेटमधून येत होती, मग जिन्यावरून, मग दारातून.

"मी हसलो नाही," तो धापा टाकत दारात म्हणाला, आणि तेच शब्द तिच्या टेबलावरच्या सेटमधूनही आले. "मलाही तू..."

"थांब. एक अक्षर बोलू नकोस. सेट दे इकडे."

तिने त्याच्या हातातून सेट ओढून घेतला आणि नखाने बटन मोकळं केलं. लाल दिवा विझला.

पुढे दोघं काय बोलले ते चॅनलवर कुणालाच कळलं नाही, आणि सात नंबरवाल्या काकांचा त्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही.