दुर्बीण धरणारा हात

आमच्या वॉर्डातल्या बायका म्हणतात, "सिस्टर, तुम्ही गप्पा काय छान रंगवता!" म्हणून आधीच सांगते, या गप्पा नाहीत. यात पदरचा एक शब्द घातलेला नाही. उलट एक गोष्ट आजवर सगळ्यांपासून लपवली, तीही सांगणार आहे.

रात्र नव्हती. लाइट गेले नव्हते. कुठे कुत्रं रडत नव्हतं.

बुधवार होता. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरचं ऑपरेशन थिएटर.

आणि टेबलावर माझी धाकटी बहीण होती.

पण आधी खिळ्याबद्दल सांगायला हवं.

मी एकवीस वर्षं थिएटरची सिस्टर आहे. आमच्या मॅडम बायकांची ऑपरेशनं करतात. गर्भाशयाच्या गाठी, अंडाशयाच्या गाठी, पिशवी काढणं. पूर्वी पोटावर वीतभर काप घ्यावा लागायचा. मग दुर्बीण आली. बेंबीपाशी एक छोटं छिद्र, बाजूला आणखी दोन-तीन. पोटात गॅस भरून जागा करायची, कॅमेरा आत घालायचा आणि समोरच्या पडद्यावर बघत काम करायचं. पेशंट दुसऱ्या दिवशी चालत घरी.

मॅडमचे दोन्ही हात अवजारांत असतात. कॅमेरा दुसऱ्यानं धरायचा.

मॅडम म्हणायच्या, "कॅमेरा धरणारी म्हणजे माझे डोळे."

मला वाटलं होतं, डोळे मीच होणार. सगळ्यांत जुनी मी होते. मॅडमनी एका कामाला हात घालावा आणि मी पुढचं अवजार त्यांच्या तळव्यावर ठेवावं, इतकं आमचं जमलेलं. पण माझा हात हलायचा. पडदा डुलायचा. भूल देणारे डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, मला बोट लागल्यासारखं मळमळतंय!"

मग ती आली. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. कमी बोलणारी. तिनं कॅमेरा धरला की दोन-दोन तास पडदा केसभर हलायचा नाही. भिंतीत ठोकल्यासारखा. मॅडमनीच नाव ठेवलं, खिळा.

मॅडमच्या कोपराला कोपर लागेल अशी ती जागा. ती खिळ्याची झाली. मी ट्रॉलीपाशी.

दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं म्हणतात ना... सात वर्षं माझं दुखत होतं. आणि या दुखण्याला कुठली दुर्बीण नाही.

तिचा डबा सांडला की मला बरं वाटायचं. तिला उशीर झाला की मी मॅडमना आवर्जून सांगायची. ती मात्र मला ताई म्हणायची.

आता ती लपवलेली गोष्ट.

एका गुरुवारी हात धुताना ती हळूच म्हणाली, "ताई, आज माझ्याऐवजी तुम्ही कॅमेरा धराल? डाव्या खांद्यात सकाळपासून कळ येतेय. छातीतही भरून आल्यासारखं वाटतंय."

सात वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होते.

आणि तोंडातून काय निघालं?

"माझा हात हलतो ना बाई. तूच धर. तुझ्याशिवाय मॅडमचं पान तरी हलतं का?"

ती हसली. आत गेली. पावणेदोन तास कॅमेरा धरून उभी राहिली. पडदा हलला नाही.

दुपारी मी कपडे बदलायच्या खोलीत गेले, तर ती बाकावर बसलेली. डोक्यावर टोपी तशीच. उजवा हात मांडीवर, मूठ अर्धी वळलेली.

हात गार होता.

कळ येत होती हे मी कुणालाही सांगितलं नाही. मॅडमना नाही. तिच्या नवऱ्यालाही नाही.

तेराव्या दिवशी कॅमेरा माझ्याकडे आला.

मी घाबरले होते. तिच्यानंतरची पहिलीच केस. गर्भाशयावरची गाठ. पाच मिनिटांत माझं मनगट भरून आलं, पडदा डुलायला लागला. मॅडमच्या कपाळावर आठी आली...

आणि पडदा थांबला.

एकदम. भिंतीत ठोकल्यासारखा.

मी काही केलं नव्हतं. माझं मनगट कुणीतरी खालून धरलं होतं. हातमोज्यावरूनही कळत होतं... चार बोटं आणि अंगठा.

मी खाली पाहिलं. निळ्या कापडावर फक्त माझा हात होता.

मॅडमना डावीकडे बघायचं असलं की त्यांनी सांगण्याआधी कॅमेरा डावीकडे जायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "वा! इतके दिवस कुठे लपवला होतास हा हात?"

सगळ्यांना वाटेल मी भीतीनं अर्धी मेले असेन. खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी राग आला.

मेल्यावरसुद्धा कौतुक तिचंच!

पाच महिने हे असंच चाललं. मी कॅमेरा धरायची, आणि कुणीतरी मला धरायचं. मॅडम शाबासकी द्यायच्या. मी "थँक्यू मॅडम" म्हणायची आणि घरी जाऊन भांडी आपटायची.

मग माझ्या बहिणीला त्रास सुरू झाला. पाळीत लोळण घ्यायची. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर मोठी गाठ दिसली. आत जुनं, घट्ट रक्त साठलेलं. मॅडम म्हणाल्या, "दुर्बिणीतून काढू. अंडाशय वाचवायचा आहे, म्हणजे पुढे आशा राहील. पण तू आत थांबू नकोस. रक्ताचं माणूस टेबलावर असलं की हात लटपटतो."

"कॅमेरा कोण धरणार मग?"

"शेजारच्या हॉस्पिटलातून बोलावते कुणालातरी."

मी हट्टाला पेटले. बहिणीच्या काळजीनं नाही हं. माझ्या जागेवर दुसरी कुणी उभी राहणार, हे मला सहनच होईना.

मॅडमनी हात टेकले.

बुधवारी सकाळी बहिणीला आत घेतलं. ती मला म्हणाली, "तू आहेस ना? मग मला कशाची भीती?"

मला तिच्याकडे बघवेना.

भूल दिली. गॅस भरला. टेबल डोक्याकडून खाली कललं. कॅमेरा आत गेला. गाठ दिसली... काळपट, लिंबाएवढी, मागे चिकटलेली. मॅडमनी काम सुरू केलं.

मनगटाखाली तो हात आला. नेहमीसारखा.

मी मनात म्हणाले, आज नको. आज माझी बहीण आहे. आज तरी मला माझं काम करू दे. जा इथून.

हात सुटला.

पडदा डुलला. मी श्वास रोखून सावरला. तेवढ्यात...

कॅमेरा फिरला.

मी फिरवला नाही. देवाशपथ. मनगट मुरगळल्यासारखं वळलं. पडद्यावरची गाठ गेली, आतडी सरकली, यकृताची तांबूस कड आली. कॅमेरा सरळ वर, छातीच्या दिशेनं निघाला.

"अगं, कुठे चाललीस?" मॅडम ओरडल्या.

मी दोन्ही हातांनी मागे खेचत होते. कॅमेरा तसूभर हटेना.

पोट आणि छाती यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. त्याच्या पलीकडे हृदय. दुर्बिणीतून पाहिलं तर ते पडद्याला आतून धडका देताना दिसतं. बंद दाराआडून कुणी ठोठावावं तसं.

माझ्या बहिणीचं हृदय ठोठावत होतं.

ठक... ठक...

मशीनचा आवाज मागे नेहमीसारखा चालू होता. टिक, टिक, टिक. अगदी व्यवस्थित.

पण समोरच्या पडद्यावर...

ठक.

...

ठक.

...

मग काहीच नाही.

"गॅस सोडा!" मॅडम किंचाळल्या. "आधी गॅस सोडा, हृदय थांबतंय!"

"मशीनवर तर सगळं ठीक..." भूल देणारे डॉक्टर म्हणाले. आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मशीनचा आवाज अडखळला. पन्नास. तीस. मग लांब एकसुरी आवाज.

गॅस सोडून दिला. इंजेक्शन गेलं. डॉक्टर तिच्या छातीवर दाब द्यायला लागले. मी कॅमेरा हातात घेऊन उभी होते आणि कधी नव्हे ते माझ्या तोंडातून निघालं,

"खिळ्या... चुकले गं मी..."

मशीन बोललं. टिक.

मग पुन्हा टिक.

ती परत आली. गॅसनं पोट ताणलं जातं तेव्हा एखाद्याची नाडी अशी एकाएकी बसते. क्वचित होतं, पण होतं. तेवढं पुस्तकात आहे. अर्ध्या तासानं मॅडमनी अगदी कमी गॅसवर उरलेलं काम पुरं केलं. अंडाशय वाचला. तिसऱ्या दिवशी बहीण चालत घरी गेली.

जे पुस्तकात नाही, ते दुपारी झालं.

आमच्याकडे प्रत्येक ऑपरेशनचं रेकॉर्डिंग होतं. मॅडमनी आम्हाला खोलीत बोलावलं. "हे दाखवायलाच हवं. मशीनच्या आधी आपण डोळ्यांनी पाहिलं." त्यांनी व्हिडिओ लावला.

गाठ दिसली. मॅडमची अवजारं दिसली.

अकरा दहा. अकरा अकरा. अकरा बारा. कोपऱ्यातलं घड्याळ सरकत होतं.

पडद्यावर गाठच होती.

यकृत नाही. हृदय नाही. कॅमेरा जागचा हललाच नव्हता. केसभरसुद्धा नाही.

मॅडमनी मागे नेऊन पुन्हा लावला. मग पुन्हा.

"डॉक्टर, तुम्ही पाहिलंत ना?" त्यांनी विचारलं.

"मी माझ्या मशीनकडे बघत होतो, मॅडम. पण एवढं नक्की, तुम्ही ओरडलात तेव्हा नाडी अठ्ठ्याहत्तर होती. खाली आली ती नंतर."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू?"

"पाहिलं, मॅडम."

"मग कॅमेरा वर नेला कुणी?"

सांगायची हीच वेळ होती. कळ येत होती तेही, आणि मी तिला काय बोलले तेही.

मी म्हणाले, "मीच नेला. मला वाटलं, एकदा बघावं."

मॅडमनी माझा खांदा दाबला. "आज तू बहिणीचा जीव वाचवलास."

मी "थँक्यू मॅडम" म्हणाले.

त्या दिवसानंतर तो हात आला नाही. आठवडा गेला, महिना गेला. माझा पडदा पुन्हा डुलायला लागला. मॅडमनी दोन महिने सोसलं आणि मग नवी सिस्टर आणली. तिशीची, मोठ्या हॉस्पिटलात काम केलेली, हाताला पक्की. मला म्हणाल्या, "तू आता दमलीस. जरा ट्रॉली बघ."

पुन्हा ट्रॉली. पुन्हा ती जागा दुसरीची.

गेल्या मंगळवारी नव्या सिस्टरनं कॅमेरा धरला आणि दहाव्या मिनिटाला पडदा थरथरायला लागला. असा, की मॅडमना काम थांबवावं लागलं. केस कशीबशी संपल्यावर ती रडतच माझ्यामागून बाहेर आली.

"ताई, कुणीतरी माझं मनगट ओढत होतं. खरंच सांगते. खाली ओढत होतं."

मला वाटलं, खिळा परत आली. पण खिळ्यानं आजवर कधी पडदा हलवला नव्हता. हलला असेल तर तो माझ्या हातून.

मी नवीला म्हणाले, "हातमोजे घट्ट असतील. पुढच्या वेळी एक नंबर मोठे घे."

मग मी माझे मोजे काढले. सकाळपासून मी ट्रॉलीपाशी उभी होते. कॅमेऱ्याला माझं बोटसुद्धा लागलं नव्हतं. आत सगळ्यांनी पाहिलंय.

माझी उजवी मूठ उघडेना. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

नवी सिस्टर दारातून माझ्या हाताकडे बघत होती. तिच्या मनगटावर पाच लाल वळ उठले होते.

मी हात पाठीआड घेतला.

उद्या सकाळी अकराची केस आहे. मॅडमचा फोन येऊन गेला, कॅमेरा मीच धरायचा आहे.