कडेवरचे कोपर

व्हिडिओ उभा घ्यायचा की आडवा, या एका प्रश्नावर त्या दुपारी आमच्या घरात तासभर डोकेफोड चालली होती. दुसऱ्या दिवशी आईच्या घशाचे ऑपरेशन होते. त्यानंतर तिचा आवाज राहणार नव्हता. बहिणीच्या पोटातल्या बाळासाठी तिची एक गोष्ट टिपून ठेवायची, एवढेच काम.

"दादा, आडवं कोण बघतं हल्ली? लोकांना फोन वळवायचेसुद्धा कष्ट नकोत."

"लग्नांची शूटिंगं करण्यात हयात गेली माझी. रुंद घेतलं की नंतर हवं तसं कापता येतं."

"माझं तोंड उभं की आडवं, तेवढं ठरवा," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मग बोलते."

शेवटी आडवी चौकट, सोळास नऊ, माझाच हट्ट. आई खिडकीपाशी बसली. तिच्या शेजारी नुसती पांढरी भिंत, उन्हात विरघळत चाललेली. गोष्ट एका दमात झाली.

संगणकावर पाहिले, तर चौकटीच्या अगदी कडेला एक कोपर.

"मध्ये कशाला कडमडलीस?"

"मी तुझ्या मागे उभी होते!" बहीण फणकारली.

वाद नको म्हणून मी ती कड कापली. कोपर गेले नाही. नव्या कडेला ते तसेच टेकलेले होते.

वैतागून चौकट चौरस केली. आता मनगटही दिसू लागले, आईच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर. तिचा आवाज खोल गेल्यासारखा झाला. मी स्पीकरची वायर हलवली, स्पीकरला शिव्या घातल्या.

पुन्हा रुंद केले. हात मुकाट्याने भिंतीच्या टोकाशी परतला. आवाज स्वच्छ.

त्याची जागा कापली, की तो आत सरकत होता.

"रुंदच राहू दे," मी म्हणालो. "याला हात लावायचा नाही."

"का पण?"

मी संगणक बंद केला.

"हेकट आहेस नुसता," ती म्हणाली.

सकाळी आईला आत नेल्यावर इस्पितळाच्या बाकावर बहिणीने फोन पुढे केला.

"चिडू नकोस. तू झोपल्यावर मी उभं करून घेतलं. चुकून मूळ फाइलवरच सेव्ह झालं."

अरुंद चौकटीत आईचे ओठ हलत होते.

"आवाज पूर्ण वाढवलाय, तरी काही ऐकूच येत नाही," ती कुरकुरली. "आणि दादा, तू तिच्या गळ्यावर हात कशाला ठेवलास?"