ओढ्याला आमंत्रण

लोकांच्या घरात डोकावायची मला खोडच आहे. जेनिसच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी खोबऱ्याची वाटी परत द्यायचं निमित्त करून शेजारी तिच्या आईकडे, वेन्डीकडे गेले.

त्यांच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी उंबराचं पाणी आणतात. बायका बँड घेऊन, गाणी म्हणत पाण्यावर जातात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. आमच्या गोरेगावच्या गावठाणात ते पाणी आरेकडून येणाऱ्या ओढ्याचं, काठच्या उंबराखालचं असायचं. आता ओढ्यावर स्लॅब आणि स्लॅबवर टॉवरच्या गाड्या. म्हणून वेन्डीने हंडा मोरीतल्या नळावर भरला आणि बँड दारातच वाजवून घेतला.

मी डोकावले तर हंडा रिकामा.

"सकाळपासून भरतेच आहे गं, सुगंधा," वेन्डी कुजबुजली. "गळत नाय. फरशी बघ... कोरडी."

मी आत हात घातला. तळाला बारीक, ओली वाळू लागली. हाताला खेकड्यांचा वास आला. जेनिस कोपऱ्यात रडवेली बसली होती. आंघोळीशिवाय तिला उद्या चर्चला न्यायचं कसं?

खाटेवरून वेन्डीची सासू, विनी ग्रॅनी, म्हणाली, "घरात बसून कोणी ओढ्याच्या बायला बोलावतं काय? तिच्याकडे जावं लागतं."

मग गेलो. भर उन्हात, बँडसकट, टॉवरच्या पार्किंगमध्ये. वॉचमन बघतच राहिला. दोन गाड्यांच्या मध्ये गटाराचं लोखंडी झाकण होतं, त्याच्यावर हंडा ठेवला. ग्रॅनीने गाण्याची पहिली ओळ म्हटली.

दुसरी ओळ खालून आली.

बायकांचा आवाज, लांबून यावा तसा, ओलसर... बँडवाले थांबले. खालचं गाणं थांबलं नाही. पळावंसं कोणालाच वाटलं नाही. ग्रॅनी खाली बसली आणि आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा तिने स्लॅबवर हात ठेवला.

"अंधारात ठेवलं गो तुला, बाय..."

मी आणि वेन्डी हंडा उचलायला गेलो तर दोघींना उचलेना. काठोकाठ भरला होता. पाणी थंडगार, नितळ, आणि वर उंबराचं हिरवं पान. आमच्याकडे आता उंबर कुठे राहिलाय?

जेनिसचं लग्न झकास झालं.

आता वैशाखात माझ्या लेकीचं, श्रुतिकाचं आहे. आम्ही कोकणातले हिंदू, आमच्यात हे पाणी नसतं. पण लग्न ठरल्यापासून देवघरातला तांब्या भरून ठेवला की दुपारपर्यंत रिकामा होतो. तळाला वाळू असते.

श्रुतिकाला अजून सांगितलेलं नाही. हंडा मात्र घासून ठेवलाय.