आडावरचा संडास

माणिकराव मास्तरांच्या घरचा संडास गुरुवारी तुंबला आणि रविवार उजाडला तरी मोकळा झाला नव्हता. भुताखेताची गोष्ट कुणी अशी सुरू करत नाही, हे मलाही कळतं. पण वांकिडीत जे घडलं त्याची सुरुवात इथूनच झाली, त्याला माझा इलाज नाही.

घरात माणसं तीन. मास्तर, त्यांची बायको जयवंताबाई आणि मास्तरांचा म्हातारा बाप भिवाजी. तीन वर्षांपूर्वी जयवंताबाईचं डावं अंग गेलं. तोवर ती वस्तीतल्या बायकांबरोबर पहाटे नाल्याकडे जायची, सगळ्याच जायच्या. अंग गेल्यावर ते संपलं. त्याच उन्हाळ्यात मास्तरांनी मागच्या भिंतीला लागून संडास बांधला आणि खाटेपासून तिथवर भिंतीत लोखंडी कड्या ठोकल्या. त्या धरत धरत ती एकटी जाई, एकटी येई. एवढी एक गोष्ट आपल्या हातात राहिली, म्हणायची. आता तीन दिवस तिच्या खाटेखाली घमेलं होतं आणि ते मास्तर उचलत होते. मास्तरांना त्याचं काही वाटत नव्हतं, पण तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. शुक्रवारपासून तिनं जेवण सोडलं. शनिवारी पाणीसुद्धा घोटावर आणलं.

"घोटभर पाणी पे ना वं," मास्तर म्हणाले.

"प्याली का जा लागते... राहू द्या."

वैशाखातलं वांकिडीचं ऊन, त्यात अंग गेलेली बाई पाण्याविना किती दिवस काढणार? म्हणून रविवारी दुपारी मास्तरांनी सदरा काढला, लुंगी गुडघ्यावर खोचली आणि मागे गेले.

माणूस बोलवा, असं शेजाऱ्यांनी सुचवलं होतं. मास्तरांना ते पटणारं नव्हतं. धम्म घेतल्यावर वस्तीनं जुनी कामं एकेक करून टाकली होती. आता आपली घाण उपसायला दुसऱ्याला हाक मारायची असेल तर टाकली कशाला, असं ते शाळेतल्या पोरांनाही विचारत. हट्टी माणूस. पण हा हट्ट मला आवडतो. त्यांनी दुसरा एक हट्ट केला होता, तो मात्र करायला नको होता.

घरामागे आड होता. जागा पूर्वी अमृतराव किराणावाल्याची. मास्तर लहान असताना वस्तीतल्या बायका त्या आडापासून दहा हात लांब घागरी ठेवून उभ्या राहत. आडाला त्यांनी शिवायचं नाही. अमृतरावाच्या घरचं कुणी आलं आणि मनात आलं, तर पोहरा ओढून वरून घागरीत ओतायचं. नाही आलं तर नाही. मास्तरांची आई सखूबाई तिथे सकाळपासून ऊन डोक्यावर येईतो उभी असे. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतरच्या चौथ्या साली, माणिक सहा वर्षांचा असताना, ती गेली. भावाकडे राजुऱ्याला गेली होती, तिथेच पटकीनं मेली, असं भिवाजीनं सांगितलं. त्याच उन्हाळ्यात अमृतरावानं आडावर फरश्या टाकल्या. पाण्यात उंदीर पडले, म्हणाला. पुढे त्याची पोरं चंद्रपूरला गेली आणि ती जागा मास्तरांनी घेतली.

संडासाला खड्डा खणायची वेळ आली तेव्हा मास्तर म्हणाले, खड्डा कशाला, आड आहे ना.

फकिरा गवंडी जरा चाचरला. "मास्तर, आडाले असं नसते करत. बुजवाचा असला तरी पयले खण-नारळ ठेवा लागते, माफी मांगा लागते. मंग हात लावाव."

"माफी? मी मांगू?" मास्तर हसले होते. "माह्या मायले यानं कदी सुदं पाणी नाही देल्लं, फकिरा. आता आमी जे देऊन राह्यलो, थे घे म्हणा त्याले."

वस्तीत ते वाक्य महिनाभर फिरत होतं. बाया हसता हसता पदरानं डोळे पुसत. भिवाजी तेवढा हसला नाही. त्या संडासात तो एकदाही गेला नाही. ऐंशीचा म्हातारा, काठी टेकत नाल्याकडे जायचा. जुनी खोडं अशीच, असं लोक म्हणायचे.

तर मास्तरांनी बांबू चिरून दहा-दहा फुटांच्या तीन कामट्या काढल्या, तारेनं एकीपुढे एक बांधल्या, टोकाला चिंध्यांचा बोळा केला. भांड्यापासून आडापर्यंत पाईप बावीस फूट. फकिरा तो टाकत होता तेव्हा टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. नाकाला रुमाल बांधून ते उकिडवे बसले आणि कामटी आत सरकवू लागले. दुपारचे दोन वाजले असतील. त्या वेळी सगळी वांकिडी झोपलेली असते, रस्त्यावरून सायकलसुद्धा जात नाही. पाईपाला घासणाऱ्या बांबूची खरखर आणि आपलाच श्वास, एवढंच त्यांना ऐकू येत होतं.

वीसेक फुटांवर कामटी अडली. पुढे काहीतरी मऊ होतं. मागेपुढे घुसळलं, रेटलं, ते हललं नाही. मग मास्तरांनी, काही मनात नसताना, पाईपाच्या तोंडावर बांबू तीनदा ठोकला. टक, टक, टक. पाईप टाकताना गवंडी असं ठोकतात, पलीकडच्या माणसानं ओढावं म्हणून.

पलीकडून तीनदा ठोकल्याचा आवाज आला.

म्हातारा काठीनं फरशी ठोकत असणार. मास्तर उठून बाहेर आले. आडावरच्या फरश्या उन्हात तापल्या होत्या, पाय ठेववत नव्हता. तिथे कुणी नव्हतं. वळसा घालून पुढे गेले, तर भिवाजी ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलेला.

"बा, तू ठोकलं काय फरशीवर?"

"मी काऊन ठोकू?"

मास्तर परतले. जाताना कामटी भांड्याबाहेर सहा-सात हात सोडून गेले होते. आता चारच हात उरली होती. त्यांनी ती घट्ट धरली, आणि तिकडून ओढ आली. हात-दोन हात ओढायचं, क्षणभर थांबायचं, पुन्हा हात-दोन हात ओढायचं. पाण्यानं भरलेला पोहरा बायका अशाच ओढतात, खालचा हात वर घेताना दोर क्षणभर थांबतो. मास्तरांच्या तळव्याची साल निघाली आणि त्यांनी हात सोडला. तीस फूट बांबू बावीस फुटांच्या पाईपातून शेवटच्या टोकापर्यंत आत गेला.

मग भांड्यात गुडगुडलं. तीन दिवसांचं साचलेलं एका दमात खाली उतरलं. मास्तरांनी सुटकेचा श्वास घ्यावा, तोच पाणी वर चढू लागलं. तळ दिसावा असं नितळ पाणी. घाणीचा वास कुठल्या कुठे गेला आणि शेवाळाचा, ओल्या दगडाचा गारवा खोलीत पसरला. वांकिडीतल्या हापशा त्या महिन्यात नुसत्या खाकरत होत्या. हे पाणी भांड्याच्या काठापर्यंत आलं आणि तिथे थांबलं.

"बा..." मास्तरांनी हाक मारली. "बा, इकडे ये."

भिवाजी दाराशी आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. पाण्याकडे बघत तो हळूहळू उंबऱ्यावर बसला.

"हे त्याच आडाचं पाणी व्हय," तो म्हणाला. मग त्यानं मान वर केली, "माणिक... तुही माय राजुऱ्याले नाही गेली."

मास्तरांनी नाकावरचा रुमाल सोडला.

"तुले ताप होता. दोन रोजाचा. पाणी दे, पाणी दे म्हणे तू... थे सकाळपासून उभी होती. कोणी वाढाले आलं नाही. मंग दुपारी, समदे झोपले तवा... तिनं सोता आडात पोहरा सोडला."

"मंग?"

"घरातून कोणी निंगालं. ओरडलं. तिचा पाय घसरला का कोणी धकललं... मी दूर होतो."

"तू होता तिथं?"

"होतो." म्हातारा काठीची मूठ चोळत राहिला. "तिनं आतून हाक मारली. दोन डाव. मले... त्याईनं म्हटलं, आडाले हात लावशीन त वस्ती जाळू. मी उभाच राह्यलो. मंग त्याईनं फरश्या टाकल्या."

"अन् मी हा संडास बांधला, तवा? तवा काऊन नाही सांगतलं?"

"सांगाव म्हटलं... तू लय खुश होता, बापा. जीभ नाही उचलली."

मास्तरांनी पहार घेतली. एक फरशी सरकवली. आत हातभर खाली, या काठापासून त्या काठापर्यंत, वरून वाळून साय धरलेला तीन वर्षांचा मैला. नितळ पाणी नव्हतं, कामटी नव्हती. त्यांनी दुसरा अख्खा बांबू उभा आत घातला, तो जातच राहिला. कुठून काढणार होते आईला? आणि काय काढणार होते? शाळेत पोरांना दरडावणारा पंचेचाळीस वर्षांचा माणूस त्या तापल्या फरशीवर बसून हमसाहमशी रडला. तिच्या वैऱ्यावर सूड घेतला म्हणून तीन वर्षं छाती फुगवली होती, आणि ते सगळं तिच्याच अंगावर पडत होतं.

घरात आले तर जयवंताबाईचे ओठ ओले होते. उशाशी लोटा काठोकाठ भरलेला.

"थे बाई देऊन गेली," ती म्हणाली. जड जिभेनं, पण तीन दिवसांत पहिल्यांदा हसून. "गार हाय... ओलीचिंब होती बिचारी. मले विचारे, पोराचा ताप उतरला काय."

मागच्या दाराशी चाललेलं बोलणं हिच्या कानावर गेलं असेल, आजारी माणसाच्या मनात काहीबाही येतं, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं. लोटा अंगणात ओतला. संध्याकाळी फकिराकडून सिमेंट आणून संडासाचं भांडं गळ्यापर्यंत भरून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लोटा पुन्हा भरलेला होता. तिसऱ्या दिवशी ते सकाळपासून खाटेशी बसले. दोनच्या सुमाराला डोळा लागला, पापणी मिटून उघडावी एवढाच. जयवंताबाईची हनुवटी ओली होती.

"नको पिऊ वं थे," ते काकुळतीला आले.

"इतक्या मायेनं देते... कसं नाही म्हणू?"

चौथ्या दिवशी तिला ढाळ सुरू झाले. जीपमध्ये घालून असिफाबादला नेलं. लोट्यातलं पाणी मास्तरांनी बाटलीत घेतलं होतं, डॉक्टरला दाखवायला. घरून निघताना ते काचेसारखं होतं. डॉक्टरनं बूच उघडलं आणि शेजारच्या नर्सनं नाकाला पदर लावला.

"ये पिलाए आप इनको?" डॉक्टर म्हणाला. "मास्टर साब... ये आदमी पीता क्या?"

आठव्या दिवशी जयवंताबाई गेली. जायच्या आधी तिनं मास्तरांचं बोट धरलं आणि म्हणाली, त्या बाईले बोलू नका काही, तिले समजत नाही पाणी कसं झालं थे.

माती देऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी मास्तरांना ताप भरला. घरात दुसरं कुणी नव्हतं. पुढच्या खोलीत खाटेवर ते पडून होते, दार नुसतं लोटलेलं, बाहेर ओट्यावर भिवाजी. ऊन कौलांवरून खाली उतरत होतं. घशाला कोरड पडली होती. दोन वाजले असावेत, कारण रस्ता निपचित झाला.

मागच्या बाजूनं दोराचा आवाज आला. ओढ, जरा थांब, ओढ. मग तो बंद झाला आणि ओल्या पायांचा आवाज भिंतीला वळसा घालून पुढच्या अंगणाकडे येऊ लागला. सावकाश, डोक्यावर भरलेली घागर असलेल्या बाईचा. दाराची कडी चार पावलांवर होती. उठून लावता आली असती. मास्तर पडून राहिले. आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. एकोणचाळीस वर्षं ते आठवायचा प्रयत्न करत होते.

"बा..." ते म्हणाले. "बा, कोण आलं?"

भिवाजी जागा होता. त्याचं खोकणं आत्ताच ऐकू आलं होतं. ओट्यावर काठी सरकल्याचा आवाज आला, पाय जवळ घेऊन कुणाला आत जायला वाट द्यावी तसा. दाराची फळी हलली. मास्तरांना फार तहान लागली होती.